‘हकीकत’मध्ये नसलेली हकीकत

दर स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात एक यादी हमखास फिरते: ‘वास्तव दाखवणारे जुने चित्रपट’. युद्धाच्या रकान्यात चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४), अवजड उद्योगाच्या रकान्यात यश चोप्रा यांचा ‘काला पत्थर’ (१९७९). यंदा ही यादी मला एकाच दिवशी पाच जणांनी पाठवली. दोन्ही चित्रपट मला आवडतात, दोन्ही मी अनेकदा पाहिले आहेत, आणि तरीही या यादीशी मला भांडायचे आहे. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. हे दोन्ही चित्रपट संकट खरे दाखवतात आणि अपराधी बदलतात. बर्फ खरा, खाणीत घुसलेले पाणी खरे, मेलेली माणसे खरी. जबाबदारीचा पत्ता तेवढा चुकीचा. तो चुकीचा पत्ता आपण ‘वास्तव’ म्हणून एकमेकांना पाठवत आहोत.

‘काला पत्थर’पासून सुरुवात करू. २७ डिसेंबर १९७५. धनबादजवळची चासनाला कोळसाखाण. जवळच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेले पाणी मधली भिंत फोडून चालू खाणीत शिरले. ३७५ माणसे आत अडकून मेली. पाणी उपसून त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच कित्येक आठवडे गेले. चार वर्षांनी सलीम-जावेद यांच्या पटकथेवर चित्रपट आला: अमिताभ बच्चन, शशी कपूर, शत्रुघ्न सिन्हा, राखी, आणि अखेरच्या भागात फुटणारे पाणी. चासनालाची सावली त्यावर आहे हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कोणी सांगावे लागले नाही.

चित्रपटात दोषी कोण? सेठ धनराज पुरी. प्रेम चोप्रांनी रंगवलेला, नफ्यासाठी मजुरांचा जीव पणाला लावणारा, इंजिनियरचा इशारा धुडकावणारा खाजगी खाणमालक. त्याला पाहताच राग येतो, यावा अशीच रचना आहे.

आता दप्तर उघडू. चासनाला खाण इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीची, म्हणजे बर्नपूरच्या पोलाद कारखान्याची. १९७१ ते १९७३ या काळात देशातील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा पोलाद कंपन्यांच्या स्वतःच्या खाणी त्यातून वगळल्या गेल्या. ही तांत्रिक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून मुद्दाम नोंदवते. परंतु या कंपनीचे व्यवस्थापन जुलै १९७२ मध्येच केंद्र सरकारने आपल्या हाती घेतले होते. म्हणजे पाणी घुसले त्या दिवशी चासनालाचा कारभार कोणा सेठजीच्या हातात नव्हता, सरकारने नेमलेल्या व्यवस्थापनाच्या हातात होता. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. खटला चालत राहिला, आणि दोन निवृत्त अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती २०१२ मध्ये. एक वर्षाची. घटनेनंतर छत्तीस वर्षे उलटून गेल्यावर.

या घटनाक्रमात धनराज पुरी कोठे बसतो? कोठेच नाही. ज्या खाणीत सरकारी व्यवस्थापनाखाली माणसे मेली, तिची गोष्ट सांगताना पटकथेने दहा वर्षांपूर्वीचा मालक शोधून आणला आणि त्याच्या गळ्यात सगळे पाप बांधले.

माझे आजोबा संगमेश्वराहून आले आणि भांडुपच्या एका कारखान्याच्या ओतशाळेत तेहतीस वर्षे राहिले. (कारखान्याचे नाव देत नाही, तिथे आता इमारती आहेत.) ‘काला पत्थर’ त्यांनी रात्रपाळी संपवून, झोप मोडून पाहिला होता. शेवटी सगळे प्रेक्षागृह डोळे पुसत होते आणि यांना एकाच गोष्टीचे हसू येत होते. ते सांगत, ‘‘मालकाला शिव्या घालायला तो दिसला तर पाहिजे! आम्हांला तेहतीस वर्षांत मालक दिसला तो फोटोत, दसऱ्याला. अपघात झाला की समोर यायचा तो कागद. या कागदावर सही कर, त्या कागदावर अंगठा दे.’’ उजव्या हाताची दोन बोटे गेल्यावर त्यांनाही असाच कागद मिळाला होता. धनराज पुरीला एका मुक्क्यात लोळवता येते. कागदाला कोठे मारणार?

यावर नेहमी येणारा आक्षेप असा: ‘‘सेन्सॉरने सरकारला दोषी ठरवूच दिले नसते. मालक हा मुखवटा होता, जाणत्यांना कळायचे ते कळले.’’ आक्षेप हलका नाही, पण कालक्रमात टिकत नाही. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठवणारे सरकार निवडणुकीत पडले. ‘किस्सा कुर्सी का’ हा राजकीय उपहासपट आणीबाणीत जप्त झाला होता आणि त्याच्या प्रती गुडगावच्या मोटारकारखान्याच्या आवारात जाळल्या गेल्या होत्या. तोच चित्रपट नव्याने करून १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. (अवजड उद्योग आणि चित्रपट यांचा इतका शब्दशः संबंध दुसरा मला माहीत नाही.) सांगायचे ते हे की १९७९ साली आणीबाणीतल्या कारभारावर बोट ठेवणे निषिद्ध नव्हते, उलट त्याला बाजार होता. तरीही मालकच निवडला गेला.

मालक निवडण्यात एके काळी खरोखर धाडस होते. १९३४ साली मोहन भवनानी यांनी प्रेमचंदांच्या कथेवर ‘मजदूर’ हा चित्रपट केला. पार्श्वभूमी कापडगिरणीची, विषय मालकाचा जुलूम आणि कामगारांचा संप. मुंबईच्या सेन्सॉर मंडळाने त्यावर बंदी घातली. त्या मंडळाच्या सदस्यांत गिरणीमालकांच्या संघटनेचे पुढारीही होते, हे कळले की बंदीचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे १९३४ मध्ये गिरणीमालकाला खलनायक करण्याची किंमत होती अख्खा चित्रपट गमावणे. १९७९ मध्ये खाणमालकाला खलनायक करण्याची किंमत काय होती? काहीही नाही. खाणींना मालकच उरले नव्हते, मग दुखावणार कोण! खलनायक तोच, पण पंचेचाळीस वर्षांत तो सर्वांत धोकादायक निवडीवरून सर्वांत सुरक्षित निवडीवर आला. आपल्या याद्या हा फरक पुसून दोघांनाही ‘कामगारांचे वास्तव’ या एकाच खणात टाकतात.

मी इथे तपशिलाच्या अचूकतेचा हट्ट धरत नाही. तपशील बदलूनही प्रामाणिक राहता येते. गेओर्ग पाब्स्ट या दिग्दर्शकाचा ‘कामरादशाफ्ट’ (१९३१) पाहा. उत्तर फ्रान्समध्ये कूरियेर येथे १० मार्च १९०६ रोजी खाणीत स्फोट होऊन सुमारे ११०० माणसे मेली. जर्मन खाणकामगारांचे एक पथक मदतीला धावले होते. पाब्स्टने ही घटना उचलून पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्स-जर्मनी सीमेवर नेली. काळ बदलला, स्थळ बदलले, पात्रे कल्पित. जमिनीखाली बोगद्यात दोन देशांची सीमा दाखवणारे लोखंडी गज आहेत. जर्मन कामगार ते तोडून पलीकडच्यांना वाचवायला जातात. आणि शेवटी, सगळे गळाभेटी घेऊन झाल्यावर, अधिकारी येऊन ते गज पुन्हा बसवतात. पावती घेऊन, रीतसर. पाब्स्टने घटनेत हवे तेवढे फेरफार केले, पण दोष जिथे होता तिथेच ठेवला: शिक्के मारणाऱ्या यंत्रणेत. आजोबांनी तो चित्रपट पाहिला असता तर त्यांना ते गज ओळखीचे वाटले असते.

आता ‘हकीकत’. इथे उपनगरांतल्या वाचकांनी जरा पुढे सरकून बसावे, कारण ही कथा आपल्या दारातून जाते.

फेब्रुवारी १९६२ ची लोकसभा निवडणूक. उत्तर मुंबई मतदारसंघ, म्हणजे त्या वेळची आपली उपनगरे. काँग्रेसचे उमेदवार देशाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन, समोर आचार्य जे. बी. कृपलानी. देशभर गाजलेली लढत. मेनन यांच्यासाठी दिलीपकुमारांसह चित्रसृष्टीतील मंडळी प्रचारात उतरली होती. संरक्षण खात्याच्या कारभारावर, सेनाधिकाऱ्यांच्या बढत्यांवर, चीनविषयक धोरणावर तेव्हाच प्रश्न विचारले जात होते. संरक्षण खात्याच्या कारखान्यांत कॉफीची यंत्रे बनतात अशी टवाळी विरोधक करत होते. उपनगरांनी मेनन यांना प्रचंड मताधिक्याने निवडून दिले. आजोबांचा शिक्काही बैलजोडीवर पडला होता, हे ते कधी लपवत नसत.

आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, युद्ध सुरू झाले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याला शाळेपासून पाठ आहे. हिमालयाला मदत का लागली, आणि ज्यांच्या कारभारामुळे लागली त्यांना लोकसभेत पाठवणारा मतदारसंघ कोणता, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही.

१८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला येथे १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली लढली. सुमारे १२० पैकी ११४ जण पडले. मधल्या डोंगरामुळे त्यांना आपल्या तोफांचा आधार मिळू शकत नव्हता. हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. जे मोजके परतले त्यांच्या सांगण्यावर प्रथम विश्वास ठेवला गेला नाही. पुढच्या फेब्रुवारीत बर्फात मृतदेह सापडले, हातातली शस्त्रे तशीच, तेव्हा त्यांची साक्ष खरी ठरली. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते: जिवंत माणसांचे म्हणणे खरे ठरवायला मेलेल्यांना पुरावा व्हावे लागले.

‘हकीकत’ या पार्श्वभूमीवर, लडाखमध्ये जाऊन चित्रित केलेला. पंजाब सरकारचे साहाय्य त्याला मिळाले होते. ती थंडी, ती उजाड उंची, मागे सरकताना गळणारी माणसे, आणि घरच्या पत्रांची ओढ हे सगळे चेतन आनंद यांनी ज्या संयमाने दाखवले, त्याला माझा नमस्कार. जवान संख्येने आणि शस्त्रांनी कमी होते हेही चित्रपट लपवत नाही. पण कमी का होते? तो प्रश्न येतो त्या जागी चित्रपट शत्रूच्या विश्वासघाताकडे वळतो, आणि तिथून हौतात्म्याकडे. विश्वासघात झाला, हे खरे. पण विश्वासघाताने जवानाच्या अंगावरचा कपडा पातळ होत नाही. तो आधीच पातळ होता, कोणाच्या तरी सहीने.

इथे सेन्सॉरचे निमित्त आणखी दुबळे ठरते. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांचा चौकशी अहवाल १९६३ मध्ये सरकारला सादर झाला. तो सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. परंतु सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी संसदेत त्याचे सार मांडले आणि प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व यांतल्या उणिवा मान्य केल्या. (चौकशीचा मुख्य भर नेफा आघाडीवर होता, लडाखवर नव्हे, ही मर्यादा लक्षात ठेवूनच पुढचे वाचा.) म्हणजे ‘हकीकत’ पडद्यावर येण्याआधी खुद्द संरक्षणमंत्र्याने सभागृहात जेवढे कबूल केले होते, तेवढेही चित्रपटाने विचारले नाही. नाव मात्र ‘हकीकत’.

कोणी म्हणेल, दोन वर्षांपूर्वीच्या ताज्या जखमेवर चित्रपटाने फुंकर घालावी, चौकशी करू नये. मान्य. शोकाला त्याची जागा असते. पण मग त्याला विलाप म्हणा. साठ वर्षांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तो १९६२ चे ‘वास्तव’ म्हणून का वाढता?

गंमत अशी की चित्रपटाने जे विचारले नाही ते काही अंशी मतपेटीने विचारले, पण तेही तिरकेच. १९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारले. ते ईशान्य मुंबईतून, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या बाजूने, अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या आकस्मिक निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत तारा सप्रे यांच्याकडूनही हरले. पण त्या प्रचारात गाजला तो मराठी-अमराठी वाद. नवी शिवसेना बर्वे यांच्या बाजूने उतरली होती. रेझांग ला पुन्हा बाजूलाच राहिला. अपराध्याचा पत्ता बदलण्याची खोड फक्त पटकथाकारांना असते असे समजू नका.

आणि आता घाटकोपर आलेच आहे तर खऱ्या काळ्या पत्थराविषयी. मुंबई ज्या काळ्या कातळावर उभी आहे, तो फोडून खडी करण्याच्या खाणी घाटकोपर, कुर्ला, चांदिवलीच्या टेकड्यांत होत्या. सुरुंग, घण, धूळ, आणि पिढ्यान्पिढ्या दगड फोडणारी वडार कुटुंबे. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरकडे हे खाणमजूर उपचाराला येत. औषधाने बरे न होणारे आजार पाहून तो डॉक्टर त्यांच्या मजुरीविषयी बोलू लागला, मग संघटना बांधू लागला. पुढे तो उपनगरांतल्या इंजिनियरिंग कारखान्यांचा आणि १९८२ च्या गिरणी संपाचा पुढारी झाला: डॉ. दत्ता सामंत. त्यांच्या संपाच्या डावपेचांवर हवी तेवढी टीका करा. आजोबाही करत, आणि त्यांचा एक बोनस त्या टीकेत बुडालेला आहे. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांचा खून झाला.

‘काला पत्थर’मध्येही खाणमजुरांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. राखी. ती जखमा बांधते, मजुरीविषयी बोलत नाही. पडद्यावरचा कोळसा आणि पंतनगरचा दवाखाना यांत फार तर दोन लोकलगाड्यांचे अंतर होते. अंधेरी, गोरेगाव, मालाड, चेंबूर: स्टुडिओ आणि कारखाने एकाच रस्त्यावर, कधी कधी भिंतीला भिंत लावून उभे होते. भोंगा झाला की कारखान्याचा कामगार ज्या फाटकासमोरून घरी जाई, त्याच फाटकाआत कामगाराचा पोशाख घालून नट उभा असे. मधली भिंत क्वचितच कोणी ओलांडली. मराठीत ‘सिंहासन’ने (१९७९) डिकास्टा या कामगारपुढाऱ्याला निदान सत्तेच्या पटावर आणून बसवले, त्यामागे अरुण साधू यांची पत्रकारिता होती. योगायोग पाहा, साल तेच.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप: ‘‘हे चित्रपट नसते तर चासनाला आणि लडाख कोणाच्या लक्षात राहिले असते?’’ याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना चासनाला हे नाव ‘काला पत्थर’मुळेच कळले, मलाही. हे ऋण मी नाकारत नाही. परंतु वर्गात मी विचारले की खाण कोणाची होती, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितले, ‘‘खाजगी मालकाची.’’ पदव्युत्तर वर्ग, इतिहास विषय. ३७५ माणसांची आठवण राहिली आणि उत्तर देण्यास बांधलेला कारभार त्याच आठवणीतून निसटला. ही आठवण कोणाच्या सोयीची आहे, एवढा विचार आपण करू शकतो.

तेव्हा यादी फिरवायचीच असेल तर या दोन नावांपुढे दोन ओळी जोडून फिरवा. ‘काला पत्थर’: चासनालाचे व्यवस्थापन १९७२ पासून केंद्र सरकारकडे होते. ‘हकीकत’: १९६३ चा चौकशी अहवाल अजून बंद आहे.

आणि एक विनंती. घाटकोपर, चांदिवली, कुर्ला या पट्ट्यातल्या दगडखाणींत तुमच्या घरातले कोणी काम केले असेल, तर मला संदेश पाठवा. प्रबंधासाठी मी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते आहे. आतापर्यंत सात जण भेटले. त्यांतल्या सर्वांत वडील आजींना ऐकू कमी येते, म्हणून प्रश्न मोठ्याने विचारावे लागतात आणि चाळीतले सगळे गोळा होतात. गेल्या खेपेला शेजारच्या काकांनी मधेच विचारले, ‘‘यावर पिक्चर काढणार का?’’ आजींनी माझ्याआधीच नाही म्हणून सांगितले.